कोइम्बतूरला जा

चि. वैष्णवीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा फोन आल्यापासून घरात हाच विषय चालू आहे. मामा म्हणतो, चाकणच्या मोठ्या कंपनीतली जागा सोडून पोरीनं तिकडे कोइम्बतूरला, गाड्या जुळवणाऱ्या लहानशा वर्कशॉपात कशाला जायचं? मला ते पटत नाही. त्या दिवशी गिऱ्हाईक खोळंबलं होतं, नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहितो.

तू शाळेत असताना पेपरातला टिगोर जेटीपीचा, म्हणजे टाटाच्या टिगोरच्या जास्त ताकदीच्या गाडीचा फोटो कापून मी गॅरेजच्या भिंतीवर लावला होता. टाटा मोटर्सनं २०१७ मध्ये कोइम्बतूरच्याच जयेम ऑटोमोटिव्ह्जशी भागीदारी केली. २०१८ च्या फेब्रुवारीत ऑटो एक्स्पोत गाडी दाखवली आणि ऑक्टोबरात ७.४९ लाखांना विकायलाही काढली. साधी पेट्रोल टिगोर ८५ पीएसची, म्हणजे अश्वशक्तीची. हिच्यात १.२ लिटरचं टर्बो इंजिन घालून ११४ पीएस केले, गिअरचे रेशो बदलले, सस्पेन्शन नव्यानं जुळवलं आणि गाडी ४ मिलिमीटर खाली घेतली. फक्त ४! वळणावर गाडी झुकू नये आणि गतिरोधकावर पोटही घासू नये, हे दोन्ही सांभाळायचं तर हात असाच जपून चालवावा लागतो. असं काम गाडी पळवून, खोलून, पुन्हा पळवूनच जमतं.

२०२० मध्ये बीएस-६ हे गाड्यांच्या धुराचे नवे नियम आले आणि ती गाडी बंद पडली, हे मामा तुला सांगेलच. खरं आहे ते. पण ज्यांनी ती जुळवली त्यांच्या हातातलं कसब कुठे जात नाही.

मर्सिडीजचंही बघ. १९९० च्या सुमारास त्यांना ५.० लिटरच्या व्ही-८ इंजिनाची, ३२६ पीएसची ५०० ई सेडान काढायची होती. तिचे चाकांवरचे फेंडर इतके रुंद झाले की त्यांच्याच झिंडेलफिंगेनच्या कारखान्यातल्या लाइनवर ती मावेना. शेवटी काम पोर्शेकडे गेलं. त्या वेळी पोर्शेची हालत बेताची होती, त्यांनाही कामाची गरज होती. बॉडी पोर्शेकडे जुळायची, रंगाला मर्सिडीजकडे जायची, इंजिन बसवायला परत पोर्शेकडे यायची. एका गाडीला १८ दिवस लागत. एवढी मोठी मर्सिडीज, पण दुसऱ्याच्या दारात जायला तिला कमीपणा वाटला नाही.

आपल्याकडे तरी वेगळं काय आहे? ट्रॅक्टरचं इंजिन मी खोलतो, पण त्यातला डिझेल पंप अमरावतीच्या पंपवाल्याकडेच पाठवतो. टेस्ट बेंचवर सगळ्या लाइनींचं डिझेल काचेच्या नळ्यांत एका पातळीला येईपर्यंत तो माणूस जागचा हलत नाही. त्याचं दुकान आपल्या ओसरीएवढं आहे, पण लांबलांबचे मिस्त्री त्याच्याकडे येतात. तुला तसं काम शिकायला मिळावं, एवढंच माझं म्हणणं आहे.

मात्र होकार देण्याआधी एक गोष्ट विचारून घे, पहिल्या वर्षी डायनोवर, म्हणजे इंजिनाची ताकद मोजायच्या यंत्रावर, उभं राहू देणार का? नुसतं कॉम्प्युटरपुढे ड्रॉइंग काढायला बसवणार असतील तर मग चाकणच बरं. पगार कमी आहे त्याची काळजी करू नको, राहायच्या खोलीचं डिपॉझिट मी भरतो.

बुधवारपर्यंत दोन्ही कंपन्यांना काय ते कळव, चाकणवाल्यांना ताटकळत ठेवू नको. मामाशी मी बोलतो. कापूस वेचणीचे दिवस असले तरी बल्लारशाहला गाडीत बसवून द्यायला मी येईन.

तुझे बाबा