चिनूच्या टाइम मशीनबद्दल

प्रिय निखिल,

रविवारच्या व्हिडिओ कॉलवर चिनूने विचारलं ना, आजी तुला टाइम मशीन मिळालं तर कुठे जाशील, आणि मी म्हणाले सांगते नंतर, तर तो आपला गेला खेळायला पण मी दोन दिवस झाले त्याच विचारात आहे. भाजी करपली परवा. म्हणून हे टाइप करतेय, चुका झाल्या तर सांभाळून घे, चष्म्याचा नंबर बदललाय.

मला एकच तारीख माहितीय, 12 जुलै 1961, बुधवार. पानशेत फुटलं तो दिवस. तुला हे सगळं शंभरदा सांगून झालंय, तू डोळे फिरवतोस तेही माहितीय, पण यावेळी वेगळं सांगायचंय.

मी आठ वर्षांची होते, नारायण पेठेत वाड्यात राहायचो. सकाळी एक माणूस सायकलवरून ओरडत गेला, धरण फुटलं, पळा पळा. आता बघ, त्या घडीला अख्ख्या पेठेत त्या एकालाच पुढे काय होणार ते माहीत होतं, म्हणजे तोच की आमचा टाइम मशीनवाला! आणि वाड्यातल्या लोकांनी काय केलं? हसले. आमचे अण्णा दाढी करत होते, ते म्हणाले पुण्यात असल्या अफवा आठवड्याला दोन उठतात, आणि चहा मागितला. नदी इथून हाकेच्या अंतरावर, तरी. आईला मात्र काय वाटलं देव जाणे, तिने मला आणि बाळूमामाला धरलं आणि पर्वतीची वाट धरली, अण्णा पाठोपाठ आले ते चिडूनच. आम्ही वर पोचलो आणि दुपारी खाली बघतोय तर लकडी पूल दिसेना. खडकवासलाही फुटलं होतं तोवर. वाडे पाण्याने नाही रे नुसते पडले, पाणी ओसरल्यावर मातीच्या भिंती भिजून बसल्या आणि मग पडले, आमचा तिसऱ्या दिवशी पडला.

म्हणून मी आधी ठरवलं की त्या सकाळी जायचं आणि दारोदार सांगायचं. पण सांगून ऐकणार कोण? पोरीला भविष्य कळतं म्हटल्यावर उलट अंगारा लावायला घेऊन गेले असते. मग सुचलं की धरण-बिरण बोलायचंच नाही, पर्वतीवर फुकट साखर वाटतायत असं सांगायचं. नऊच्या आत पेठा रिकाम्या. (हसू नकोस, खरंच झाल्या असत्या.)

मग म्हटलं अजून मागे जाऊ, धरणच फुटू द्यायचं नाही. तुझे बाबा इरिगेशनमध्ये होते म्हणून मला हे थोडंफार कळतं. मातीचं धरण, आंबी नदीवरचं, काम पुरं झालेलं नव्हतं आणि त्याच पावसाळ्यात पाणी अडवलं. पाणी सोडायचा जो बोगदा होता धरणाच्या पोटातून त्याच्या काँक्रीटमध्ये लोखंड नव्हतं, तेव्हा स्टीलची टंचाई होती, आणि त्याच्या दरवाजांचं कामही अर्धवट. पाणी धडधडत जायला लागलं तसा बोगदा खिळखिळा झाला आणि त्याच्या डोक्यावरची माती खचत गेली. मग मी काय, नऊवारी नेसून ऑफिसात जाऊ आणि साहेबाला सांगू की सळ्या घाला? काम अर्धवट आहे हे काय त्यांना दिसत नव्हतं का, रोज बघत होते की. त्यांना पुढचं सांगून मी नवीन काय सांगणार होते! बाबा असते तर म्हणाले असते फाइलवर लिहून दे, आणि फाइल अजून फिरत असती.

आणि हो, तू म्हणशील वाडा पडला नसता तर आपण सहकारनगरात आलो नसतो, तिथे शेजारी बाबा भेटले नसते, मग मी कुठला. हे सगळ्या पिक्चरमध्ये असतं, मला त्याची भीती वाटत नाही. तू आला असतास कुठून तरी, हट्टी आहेस. पण एवढे लोक गेले त्यांच्यासमोर तुझा हिशोब मांडायचा मला धीर होत नाही, म्हणून तो विषय मी सोडून दिला, तूही काढू नकोस.

शेवटी कुठे थांबले सांगू? आदल्या रात्री. 11 तारखेला रात्रभर लष्कराचे जवान पानशेतवर वाळूची पोती रचत होते, भर पावसात, माती खचतेय आणि ते वर पोती टाकतायत. धरण वाचलं नाहीच. पण फुटलं ते सकाळी, रात्री नाही. रात्री फुटलं असतं तर आम्ही अंथरुणात होतो रे, ना सायकलवाला ना पर्वती. त्या पोरांना पुढचं काही माहीत नव्हतं, नुसतं समोरचं दिसत होतं, आणि बदललं काय ते त्यांनीच, ते पण फक्त काही तास.

तर चिनूला सांग, आजी तिथे जाणार आहे. पोत्याचं तोंड धरायला कोणीतरी लागतंच, एकाने फावड्याने भरायचं आणि दुसऱ्याने धरायचं. पाठ दुखते माझी पण तेवढं जमेल. त्याला यायचं असेल तर रेनकोट घेऊन ये म्हणावं, आणि स्वेटर, जुलैत तिकडे रात्री गारठा असतो.

मेतकूट कुरिअरने पाठवलंय, पोचलं की कळव. सूनबाईला आशीर्वाद.

तुझी,
आई