मोर्सने कुणाचं अडलं होतं?

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला हॅम रेडिओवरचा, म्हणजे लायसन्स काढून हौसेने स्वतःचा रेडिओ सेट चालवणाऱ्यांवरचा लेख वाचला. मोर्सची (कट्ट-कडकट्टच्या तारभाषेची) कटकट मिटली, आता आयटीतले आणि इलेक्ट्रॉनिक्सवाले या छंदाकडे धावत येतील, असं लेखकमहाशय म्हणतात. त्यांच्या तोंडात साखर पडो. सोबतचा फोटो मात्र एफएमच्या स्टुडिओतल्या निवेदिकेचा आहे, तिचा या प्रकरणाशी काय संबंध ते कळलं नाही.

मुळात मोर्स कुणाला अडवत होतं? 30 मेगाहर्ट्झखालच्या बँडसाठी (लांबचं बोलायच्या लहरींसाठी) असलेली मोर्सची आंतरराष्ट्रीय सक्ती जिनिव्हाच्या परिषदेने 2003 मध्येच उठवली. अमेरिकेने 2007 मध्ये परीक्षेतून ते पार काढून टाकलं. आपल्याकडे रिस्ट्रिक्टेड ग्रेडला, म्हणजे खालच्या श्रेणीच्या लायसन्सला, मोर्स लागतच नाही. वय 12 पूर्ण असलं, परीक्षा पास झालात, की व्हीयू3 ने सुरू होणारा कॉलसाइन, म्हणजे हवेतलं आपलं नाव, मिळतो. मग मिहानमधल्या आयटी कंपन्यांतून आणि व्हीएनआयटी या आपल्या इंजिनीअरिंग कॉलेजातून आजवर रांगा का नाही लागल्या? तीन-तीन संगणकी भाषा कोळून प्यायलेल्या पोराला 26 अक्षरं आणि 10 आकडे जड जातात, हे मला कुणी पटवून द्यावं.

माझ्या भाच्याचंच सांगतो. एका कंपनीत फर्मवेअर लिहितो. मी हौसेने त्याला मोर्सची की (खटका) वाजवून दाखवली, तर त्याने मामाचा मान राखून जांभई दाबली. मग सेटला लॅपटॉप जोडून एफटी8 लावलं, म्हणजे संगणकाने संगणकाशी रेडिओवरून बोलायचं. 1993 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेले जोसेफ टेलर यांनी सहकाऱ्यासोबत 2017 मध्ये आणलेली ही पद्धत. कानाला नुसती खरखर, आणि पडद्यावर दर 15 सेकंदांनी कुठल्या कुठल्या देशांतले कॉलसाइन उमटत जातात. घड्याळ दोन-तीन सेकंद चुकलं तरी काही उमटत नाही म्हटल्यावर गडी खुर्ची ओढून बसला. रात्री जेवायला चार हाका माराव्या लागल्या. पुढे हैदराबादच्या अशहर फरहान यांनी रचलेल्या बिटेक्स या घरी जोडायच्या सेटच्या आराखड्यावरून त्याने स्वतः सेट जोडला, टोरॉइडवर (कडीसारख्या गाभ्यांवर) तार हाताने गुंडाळली, परीक्षा दिली. पोलीस चौकशीला आलेल्या गृहस्थांना ‘वॉकीटॉकी नाही, हॅम’ हे समजावण्यात चहाचे दोन कप गेले, पण लायसन्स आलं.

आणि गाडं अडलं कुठे? तर गच्चीवर.

सात मेगाहर्ट्झचा डायपोल अँटेना म्हणजे 20 मीटर तार, कपडे वाळत घालायच्या दोरीहून बारीक. ती बांधायला सोसायटीची परवानगी हवी. सभेत एक काकू म्हणाल्या, ‘बाप्पा, माझ्या नातवाला रेडिएशन होईल ना!’ सेट सगळा सात वॅटचा. काकूंच्या डोक्यावर त्याच गच्चीत मोबाइल कंपनीचा टॉवर अहोरात्र उभा आहे, त्याच्याने नातवाला काही होत नाही. टॉवर भाडं देतो, भाच्याची तार देत नाही, एवढाच काय तो किरणोत्सारातला फरक. शेवटी अध्यक्षांनी तोंडी हो म्हटलं म्हणून तार बांधली. संक्रांत झाली आणि तार खाली, सेटपर्यंत येणारी कोॲक्स केबल तुटलेली. म्हणे मांजाने कापली! आम्हीही ओ काट करत गच्च्या दणाणून सोडल्या आहेत, महोदय. मांजाने घासलेली केबल कशी दिसते ते ठाऊक आहे. इथे काळ्या आवरणावर पक्कडीचे दात उमटले होते आणि आतली तांब्याची जाळी सरळ रेषेत कापलेली होती. अध्यक्षांना दाखवली, तर त्यांनी लिफ्टच्या देखभालीचा विषय काढला.

सेट आता बुटांच्या खोक्यात आहे. भाचा नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा रेडिओ रिसीव्हर इंटरनेटवरून ऐकतो. मोर्सची अट याला आडवी आली नाही, पुढे येणाऱ्यांनाही येणार नाही. इंजिनीअर यायला तयार आहेत. इस्रोने 2005 मध्ये सोडलेला हॅमसॅट हा हॅमसाठीचा उपग्रह 2014 पर्यंत चालला, त्यावर बोलणाऱ्यांत इंजिनीअर काय कमी होते? पण फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने तार बांधायची कुठे, याबद्दल लेखात एक ओळ नाही. 2004 च्या त्सुनामीत अंदमानातून निरोप हॅमनी पोचवले, याची मात्र चौकट आहे. संकटात आम्ही हवे, एरवी गच्चीला कुलूप. पुढचा लेख काढाल तेव्हा दोन-चार सोसायट्यांच्या अध्यक्षांना विचारून काढा.

जाता जाता आणखी एक. आमच्या रस्त्यावर एलईडी दिवे बसवल्यापासून संध्याकाळी ते लागले रे लागले, की माझ्या सेटवर सात मेगाहर्ट्झवर भुणभुण सुरू होते, ती पहाटे दिवे विझेपर्यंत. दिव्याला वीज पुरवणाऱ्या ड्रायव्हर सर्किटमध्ये चार पैशांचा फिल्टर घातला असता तर हे झालं नसतं. याविषयी दिवाळीच्या सुमारास आपल्याला सविस्तर पत्र पाठवलं होतं. ते आपण छापलं नाही.

आपला नियमित वाचक,
एक व्हीयू2 कॉलसाइनवाला हॅम
प्रतापनगर, नागपूर