हिवाळ्यात आपला मासा नाल्याने चढत नाही

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीत अमेरिकेतला स्टीलहेड मासा हिवाळ्यात नदीवर गरीने कसा धरतात, यावरचा लेख वाचला. माहिती बहुतांशी बरोबर आहे आणि छायाचित्रेही उत्तम आहेत. पण ‘आपल्याकडच्या तलावांना मिळणाऱ्या नाल्यांवरही डिसेंबर-जानेवारीत अशी गरी टाकून पाहायला हरकत नाही’ असा त्याचा शेवट आहे, आणि आमची हरकत नेमकी तिथेच आहे. लेख आल्यापासून नाल्यांच्या डोहांवर नव्या रीळ-काठ्या दिसू लागल्या आहेत, म्हणून हे पत्र.

स्टीलहेड हा रेनबो ट्राउटच, मूळचा पॅसिफिक किनाऱ्याचा. तिथे तो समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला नदीत येतो. १८७० च्या दशकापासून त्याला ग्रेट लेक्स या उत्तर अमेरिकेतल्या गोड्या पाण्याच्या प्रचंड तलावांमध्ये सोडण्यात आले, तेव्हा त्याने त्या तलावांनाच समुद्र मानले. शरद ऋतूच्या पावसाने उपनद्या फुगल्या की तो तलावातून वर चढू लागतो, हिवाळाभर नदीतल्या खोल, संथ पाण्यात थांबतो, वसंतात खडीवर अंडी घालतो आणि परत तलावात उतरतो. पॅसिफिकचा सॅमन एकदा अंडी घालून मरतो, स्टीलहेड मरतोच असे नाही. सुरुवातीला तो सॅमनची अंडी खात त्याच्या मागून येतो. म्हणून तिकडचे लोक माशाची अंडी बारीक जाळीच्या पुरचुंडीत बांधून गळाला लावतात, लांब काठी आणि तरंगते बूच वापरतात आणि आमिष तळाच्या वीतभर वरून धारेच्या वेगानेच वाहू देतात. पाणी ४ ते १३ अंश सेल्सिअस असेपर्यंत मासा चपळ असतो. त्याखाली तो तळाशी बसतो आणि आमिष तोंडाजवळ आले तरच घेतो. पूर ओसरून पाणी हिरवट झाले की सगळ्यांत चांगले दिवस. हे सारे लेखात आले आहे.

लेखात आले नाही ते असे की थंडी हा त्या माशाचा हंगाम आहे, आपल्या माशाचा नव्हे. पाणी २० अंशांवर गेले की ट्राउटला त्रास सुरू होतो आणि २५ च्या आसपास त्याचा जीव जातो. आपले उथळ तलाव मे महिन्यात तिशी ओलांडतात. भारतात ट्राउट हिमालयात, निलगिरीत, मुन्नारच्या डोंगरात टिकला तो तिथल्या थंड पाण्यामुळे. त्यामुळे ‘मामा (माजी मालगुजारी) तलावांत ट्राउट सोडा’ ही पुढच्याच आठवड्यात आपल्याकडे छापून आलेली सूचना सोडून द्यावी हे बरे.

आपला मासा चढतो तो मृग-आर्द्रात. पहिल्या मोठ्या पावसाने नाला वाहू लागला, सलंगावरून (तलावाच्या सांडव्यावरून) पाणी पडू लागले, की तो उलट्या धारेने वर निघतो, बांध्यांत (धानाच्या शेतांत), पाटांत शिरतो. रोहू, कटला, मृगळ यांना अंडी घालायला पुराचे वाहते पाणी लागते; साचलेल्या तलावात ते सहसा अंडी घालत नाहीत, म्हणून तर तलावात दरवर्षी बीज सोडावे लागते. मरळ पावसाळ्यात काठच्या गवतात पिल्ले सांभाळते. मग भारी धानाची कापणी होईतो नाला बारीक होतो आणि पुढे धार तुटते. जे मासे वर राहिले ते डोहात अडकतात आणि पुढच्या मृगापर्यंत त्यांना वाट नसते. नाल्याचा मासा पुढच्या वर्षी वाढायचा तो याच शिलकीतून.

फरक इथे आहे. तिकडे नदीतून एक मासा काढला तरी मागे अख्खा तलाव असतो आणि नवे मासे वसंतापर्यंत चढत राहतात. शिवाय तिथे पुष्कळ जण मासा परत सोडतात. आपल्या डोहात डिसेंबरनंतर नवा मासा येत नाही. पाचसहा जणांनी आठवडाभर चिकाटीने गरी टाकली तर लहान डोहातली मोठी मरळ आणि वाम संपते, पुढे जूनमध्ये चढायला कोणी उरत नाही. पाणी कमी झालेल्या डोहात मासा सहज लागतो, यात कौशल्य काही नाही.

हिवाळ्यात गरी टाकायचीच तर तलावावर टाकावी. तलाव मच्छीमार संस्थेच्या ठेक्यात असेल तर आधी संस्थेला विचारावे. बीज तिने सोडलेले असते, त्याचा खर्च तिचा असतो. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत तर गरी न्यायचीच नाही.

आता तलावावरच्या पद्धतीविषयी, कारण व्हिडिओ पाहून आणलेले साहित्य इथे बहुतेक वाया जाते. पाणी १८-२० अंशांच्या खाली उतरले की रोहू-मृगळ फार कमी खातात आणि पचनही मंदावते. पहाटे बसण्यात अर्थ नाही. सकाळी मासा पाळीजवळ, तुडुमाच्या (पाणी सोडायच्या दाराच्या) आसपास खोल पाण्यात असतो. ऊन तापले की दुपारी दोनअडीचच्या सुमारास उन्हाच्या बाजूच्या उथळ काठाकडे सरकतो. म्हणून अकरा ते एक पाळीवर आणि दोन ते साडेचार काठावर बसावे. उत्तरेचा गार वारा ज्या काठाला धडकतो तो काठ टाळावा. प्रयोगशाळेतला साधा थर्मामीटर दोरीला बांधून काठाचे आणि खोल पाण्याचे तापमान बघितले तर अंदाज चुकत नाही. एकदोन अंशांचा फरकही माशाला हलवतो.

पावसाळ्यात ०.३५ मिलिमीटर जाडीचा तंगूस (गळाचा नायलॉन धागा) चालतो, थंडीत पाणी निवळलेले असते म्हणून ०.२० ते ०.२५ घ्यावा. गळ आठ किंवा दहा नंबरचा पुरे (नंबर वाढतो तसा गळ लहान होतो, दुकानात नेमका इथेच घोटाळा होतो). बूच ज्वारीच्या धांड्याच्या गाभ्याचे, बोटभर लांब. त्याला शिशाच्या इतक्या बारीक गोळ्या लावाव्यात की टोकच पाण्यावर राहील. शेवटची गोळी गळापासून चार बोटे वर. आधी गळाला जड शिसे अडकवून खोली मोजावी आणि मग आमिष तळाला जेमतेम टेकेल असे बूच सरकवावे. मृगळ तळचे उचलते तेव्हा शेवटच्या गोळीचा भार हलका होतो, त्यामुळे बूच बुडत नाही, उलट थोडे वर उठते. बूच बुडायची वाट पाहत बसणाऱ्यांचे मासे इथेच निसटतात. बूच उठले की मनगटाने हलका झटका द्यावा. जोराने ओढले तर इतका बारीक तंगूस तुटतो.

आमिषाला भुईमुगाच्या ढेपेचा (पेंडीचा) चुरा दोन भाग, कणीक एक भाग, भाजलेल्या तांदळाचे पीठ एक भाग. कोमट पाण्यात मळून तासभर ओल्या फडक्यात ठेवावे. हरभऱ्याएवढी गोळी गळावर दहाबारा मिनिटे टिकली पाहिजे. लवकर विरघळली तर कणीक वाढवावी, दगडासारखी झाली तर ढेप. गांडूळ अर्धेच लावावे. सगळ्यांत मोठी चूक चारा फेकण्याची. पावसाळ्यात अर्धी बादली टाकली तरी चालते, थंडीत एक मूठ पुरे. जास्त टाकला तर मासा त्यावरच पोट भरतो आणि गळाकडे फिरकत नाही. कटला वरच्या थरात खातो, त्याच्यासाठी जानेवारीत दिवस घालवू नये. मरळीला हवेसाठी वर यावेच लागते, त्यामुळे दुपारी गवताच्या कडेला ती दिसते. पण चमकता, झपाट्याने ओढायचा नकली मासा ती थंडीत सहसा पाठलाग करून घेत नाही. जिवंत झिंगा गवताच्या कडेला हळूच सोडून स्थिर ठेवावा. तीन तोंडांचे गळ तर आणूच नयेत. बेशरमीच्या झुडपात अडकतात, नाहीतर संस्थेचे जाळे फाडतात, आणि मग भांडण होते ते रास्तच असते.

तुटलेला तंगूस गोळा करून घरी न्यावा. हिवाळ्यात तलावांवर पाहुणे पक्षी असतात आणि गोंदिया जिल्ह्यात सारसही आहे. पायात गुंतलेला तंगूस पक्ष्याला स्वतःहून सोडवता येत नाही.

गरीपेक्षा कितीतरी मोठे नुकसान कशाने होते तेही लिहायला हवे. कृषिपंपाची तार डोहात सोडून करंट देणे आणि फवारणीचे औषध ओतणे, हे हिवाळ्यातच चालते, कारण पाणी कमी आणि मासा एकवटलेला असतो. करंटने मोठ्या माशांबरोबर पिल्लेही मरतात आणि कधी पाण्यात पाय टाकणारा माणूसही. औषधाचे पाणी खाली गुरे पितात. विष आणि स्फोटके वापरून मासे मारणे १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्यापासून गुन्हा आहे, तरी गावात त्याला गंमत समजतात.

आमच्या तीन मागण्या आहेत. ग्रामपंचायत आणि मच्छीमार संस्था यांनी मिळून दर नाल्यावरचा एक खोल डोह कार्तिकापासून मृगापर्यंत बंद ठेवावा. गरी, जाळे काहीच नको. कोल्हापुरी बंधाऱ्यांच्या फळ्या पावसाआधी काढायच्या असतात, त्या खरोखर काढल्या जाव्यात, कारण एक फळी जरी अडकून राहिली तरी चढणारा मासा तिथेच थांबतो आणि खाली टपलेल्यांच्या हाती लागतो. आणि सलंगाखाली खुंट-जाळी लावणाऱ्यांनी निदान अर्धी रुंदी मोकळी सोडावी.

संस्थांनी ठरावीक शुल्क घेऊन दिवसाचा गरी-परवाना द्यावा, असेही सुचवतो. त्यात मासे किती, किती लांबीचे आणि तलावाच्या कोणत्या बाजूने, हे लिहिलेले असावे. त्याने संस्थेला चार पैसे मिळतील आणि नाल्यावरची गर्दी तलावाकडे वळेल. आपल्या पुरवणीने याच विषयावर मृगाआधी एक लेख द्यावा. फळ्या काढायची आठवण त्या वेळीच करून द्यावी लागते.

आपले,
गरीने मासे धरणारे काही वाचक
ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया