विषय: विजेच्या खांबावर तुम्ही लावलेला इंटरनेटचा रेडिओ आणि त्याचं मला आलेलं बिल

प्रति,
शाखा व्यवस्थापक, इंदूर

आत्ताच तुमच्या कस्टमर केअरचा फोन ठेवला, म्हणजे तिकडूनच ठेवला. सांवेरच्या पुढे आमच्या शेतातल्या घरी तुमचं वायरलेस इंटरनेट कनेक्शन आहे, टॉवरचा सिग्नल रेडिओ नावाच्या डब्याने पकडायचं. आहे म्हणजे होतं.

लावायला आलेल्या तुमच्या माणसांना मी म्हटलं होतं, गच्चीवर उंच जीआय पाइप उभा करा, पैसे मी देतो. तर म्हणे मध्ये कडुलिंब येतो, टॉवर सरळ दिसायला हवा, त्यापेक्षा समोरचा विजेचा खांब बरा. परवानगी? "सगळीकडे असंच लावतो साहेब." आणि उघड्या तारांच्या हातभर खाली रेडिओ आवळून मोकळे झाले, तिथून घरापर्यंत लॅनची वायर लोंबकळत, तीही घरात वापरायची, एका उन्हाळ्यात वरचं आवरण तडकलं. अर्थिंग नाही, विजेचा झटका अडवणारा सर्ज प्रोटेक्टर नाही.

पावसाळ्याआधी मेंटेनन्सला आलेल्या लाइनमनने तो उतरवून ओट्यावर आणून ठेवला आणि मलाच झापलं. बरोबरच आहे त्याचं. तो सप्लाय बंद करून चढतो आणि ही वायर माझ्या इन्व्हर्टरवर चालूच, कारण रेडिओला वीजही हिच्यातूनच जाते, हिच्यात २४ व्होल्ट आहेत की किती हे त्याने कसं ओळखायचं? आणि वरची तार तुटून हिच्यावर पडली असती तर २३० व्होल्ट थेट टेबलापर्यंत, जिथे माझी नात अभ्यासाला बसते.

आता आजचं ऐका. मी सांगितलं, रेडिओ पोत्यात आहे. बाई म्हणाल्या, सर, राउटरवर लाल लाइट आहे का? म्हटलं आहे, कारण रेडिओ पोत्यात आहे. सर, अडॅप्टर काढून तीस सेकंदांनी परत लावा. अहो ताई, तो गव्हाच्या रिकाम्या पोत्यात गुंडाळून कोठीत ठेवलाय, अडॅप्टर काढून त्याला टॉवर दिसणार आहे का? मग बराच वेळ गाणं वाजलं. मग, "सर, पोतं खिडकीजवळ ठेवून बघता का?" वा! त्या बिचारीला समोर लिहिलेलं वाचायचं असतं, पण लिहितं कोण हो हे? मी काही बोलायच्या आत फोन बंद, आणि लगेच रेटिंग मागणारा मेसेज.

वर बिलात "ग्राहकाने उपकरण हलवले" म्हणून चार्ज. मी हलवलं? खांबावर मी चढलो होतो? गच्चीवर पाइप लावा म्हणून पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, परत सांगतो, गच्चीवर.

तर चार्ज रद्द करा, पाइप लावा, बाहेर वापरायची वायर आणि अर्थिंगसकट, नाहीतर डिपॉझिट परत द्या आणि पोतं घेऊन जा. ट्रायची, म्हणजे दूरसंचार नियामकाची, धमकी देत नाही, ते एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाहीत हे मला माहीत आहे. तुमच्याच अपील अधिकाऱ्याकडे जातोय, १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवतोय, आणि पुढे ग्राहक आयोग. खांबावरचे फोटो आहेत माझ्याकडे, तुमच्या माणसासकट.