एकच रचना, दोन रेकॉर्डिंग

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार. पियानोची एकच रचना लघुपटालाही वापरायची आणि नृत्यालाही, हे जमेल. मात्र रेकॉर्डिंग एकच ठेवू नकोस.

आधी अमेरिकन संगीतकार जॉन केजची १९४८ ची 'इन अ लँडस्केप' स्वरलिपी समोर ठेवून ऐक. लुईज लिपोल्ड या नर्तिकेसाठी त्याने ती केली, पियानो किंवा हार्पवर वाजवायला. कानाला ती नुसती तरंगत राहते, पण आतला हिशोब कडक आहे. १५ बारांचा (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा गट) एक खंड, असे १५ खंड, आणि खंडाच्या आतली वाटणी ५-७-३. तीच वाटणी सबंध रचनेचीही. नर्तकाला पाय रोवायला जागा मिळते ती इथे. नुसते सूर कमी केले की शांत संगीत होत नाही; खाली मोजणी नसेल तर तिसऱ्या मिनिटाला रचना ढेपाळते.

सिनेमाची मोजणी फ्रेममध्ये. सेकंदाला २४ फ्रेम असतील तर ६० च्या लयीत, म्हणजे मिनिटाला ६० मात्रा असताना, एका मात्रेला २४ फ्रेम, ७२ ला २०, ८० ला १८. ७० घेतलीस की २०.५७ येतात. एडिटर २१ धरून कापत गेला तर १६ मात्रांत जवळजवळ सात फ्रेमचा फरक पडतो, आणि तो डोळ्याला खुपतो. नृत्याची लय मात्र तालमीतच ठरव. पियानोचा सूर वाजल्या क्षणापासून विरायला लागतो, वरच्या सप्तकात तर फारच लवकर. लय ५० च्या आसपास असेल तर वरचा सूर पुढच्या मात्रेपर्यंत पोचत नाही आणि नर्तिका एका पायावर तोल सांभाळत निःशब्दात उभी राहते. तिथे चाल मधल्या सप्तकात उतरव, खाली खर्जाचा एक लांब सूर धर.

आता फेल्ट, म्हणजे दाबलेल्या लोकरीचं कापड. बऱ्याच अपराइट (उभ्या) पियानोंना मधलं पेडल दाबलं की हातोड्या आणि तारांमध्ये फेल्टची पट्टी उतरते. सुराची धार जाते. संवादाखाली हे उत्तम, कारण व्यंजनं जिथे कळतात तो साधारण २ ते ४ किलोहर्ट्झचा पट्टा मोकळा राहतो. पण तेच रेकॉर्डिंग रंगमंचावर लावलंस तर पावलांच्या आवाजात बुडेल. नृत्यासाठी पट्टी वर घे आणि हलक्या हाताने उघडा सूर वाजव.

फेल्टने आवाज घटला की माइक वीस-तीस सेंटिमीटरवर आणावा लागतो, गेन, म्हणजे माइकचा आवाज वाढवण्याची पातळी, चढवावा लागतो. मग स्टुलाची कुरकुर, सूर लांबवणारं उजवं पेडल सोडतानाचा धप्प, पंखा, सगळं आत येतं. पंखा बंद कर, बूट काढ, पेडल पूर्ण वर येईपर्यंत पाय त्यावरून उचलू नकोस. कळांची बारीक खटखट राहू दे. चेहऱ्याच्या क्लोजअपवर ती छान लागते.

शेवटचा सूर पूर्ण विरेपर्यंत उजवं पेडल सोडू नकोस. मग त्याच गेनवर रिकाम्या खोलीचा मिनिटभर आवाज घेऊन ठेव. एडिटरने दोन सुरांमधली जागा वाढवली तर तिथे तोच भरावा लागेल.

तुझा,
अभय