दोष ग्राफिक कार्डाचा की एसएमपीएसचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बारावीचा निकाल आणि अभियांत्रिकीचे प्रवेश आटोपले की सांगली-मिरजेतील अनेक घरांत नवा संगणक येतो आणि मुलांच्या आग्रहाखातर त्यात ग्राफिक कार्डही (गेमची चित्रे पडद्यावर उमटवणारा भाग) बसवले जाते. पुढे काही दिवसांतच दुरुस्तीच्या दुकानांत एक ठरावीक तक्रार येऊ लागते: अभ्यासाला, चित्रपटाला संगणक दिवसभर नीट चालतो, मात्र गेम सुरू करून थोडा वेळ झाला की तो वीज गेल्यासारखा एकदम बंद पडतो. त्यावर 'कार्ड गेले' असे निदान होते, चांगले कार्ड मिळेल त्या किमतीला विकले जाते आणि नव्या कार्डावरही तीच तक्रार पुन्हा उभी राहते. संगणक दुरुस्ती हाच माझा व्यवसाय असल्याने या घाईच्या निदानाविषयी सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण अशा तक्रारींत दोष पुष्कळदा कार्डाचा नसून त्याला वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसचा, म्हणजे कॅबिनेटमधील वीजपुरवठ्याच्या डब्याचा असतो.

बिघाड नेमका गेमच्याच वेळी का दिसतो, हे आधी समजून घ्यावे लागेल. पडद्यावर केवळ पत्र टंकत असताना कार्ड दहा-वीस वॉट घेते. गेम सुरू झाला की ते पूर्ण क्षमतेला जाते. आरटीएक्स ३०६० हे कार्ड १७० वॉटचे आहे आणि त्यासाठी उत्पादक ५५० वॉटचा एसएमपीएस सुचवतात. कार्ड ज्यात बसते त्या मदरबोर्डच्या (मुख्य सर्किट बोर्डाच्या) स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात. उरलेली वीज एसएमपीएसकडून थेट येणाऱ्या वायरींतून घ्यावी लागते, ज्यात सहा पिनांच्या जोडणीची मर्यादा ७५ वॉट आणि आठ पिनांच्या जोडणीची १५० वॉट असते. शिवाय ही मागणी एकसारखी नसते. दृश्य बदलताना क्षणाच्याही लहानशा अंशापुरती ती नमूद आकड्याच्या कितीतरी वर जाते. कृष्णाकाठी ज्यांच्या विहिरीवर मोटार आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको, कारण मोटार सुरू होताना ती नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते आणि लाइन कमजोर असेल तर स्टार्टर पडतो. एसएमपीएसमधील संरक्षक सर्किटही असेच पडते आणि संगणक बंद होतो. २०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० या एसएमपीएसच्या मानकात असे अल्पकाळाचे झटके सोसण्याची अट मुद्दाम घालावी लागली, ती याच अनुभवामुळे.

आपल्याकडे खरी गोम कॅबिनेटसोबत जवळजवळ फुकट मिळणाऱ्या एसएमपीएसमध्ये आहे. त्यावर ठळक अक्षरांत ४५० वॉट छापलेले असते आणि गिऱ्हाईक तेवढेच पाहते. प्रोसेसर आणि कार्ड ही दोन्ही आपली वीज मुख्यतः १२ व्होल्टच्या लाइनवरून घेतात, म्हणून त्याच स्टिकरवरील बारीक तक्त्यात १२ व्होल्टसमोर किती ॲम्पिअर लिहिले आहेत ते वाचले पाहिजे. समजा तेथे १६ ॲम्पिअर असतील, तर बाराने गुणून हाती येतात अवघे १९२ वॉट. १७० वॉटचे कार्ड आणि ६५ वॉटचा प्रोसेसर यांची बेरीजच २३५ होते. अशा संगणकात गेम चालू राहिला तर ते नवल म्हणावे लागेल.

कार्डावर शिक्का मारण्यापूर्वी काही तपासण्या घरच्या घरी करता येतात. बंद पडण्याची तऱ्हा प्रथम नीट पाहावी. संगणक पंख्यांसह पूर्ण बंद होत असेल तर संशय वीजपुरवठ्यावर जातो. पडद्यावर रंगीत चौकोन किंवा रेघा उमटत असतील तर कार्डाच्या मेमरीवर. पडदा काळा होऊन आवाज आणि पंखे चालूच राहत असतील, तर कार्डाची वायर पक्की बसली आहे का, ते संगणक बंद करून आणि प्लग काढून तपासावे आणि ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्रॅम) नव्याने टाकावा. विंडोजच्या नोंदीत दिसणारा 'कर्नल-पॉवर ४१' हा संदेश अनेक जण एसएमपीएस खराब असल्याचा पुरावा मानतात. प्रत्यक्षात त्याचा अर्थ संगणक रीतसर बंद झाला नव्हता, एवढाच. त्यापेक्षा आफ्टरबर्नरसारख्या प्रोग्रॅममधून कार्डाची वीजमर्यादा सत्तर-पंचाहत्तर टक्क्यांवर आणावी, फ्रेम (दर सेकंदाला पडद्यावर उमटणारी चित्रे) साठवर बांधाव्यात आणि तोच गेम खेळून पाहावा. बंद पडणे थांबले, तर वीज अपुरी पडत असल्याचा संशय बळावतो. निर्णायक तपासणी मात्र एकच आहे: पुरेशा क्षमतेचा, चांगला चालणारा दुसरा एसएमपीएस लावून पाहणे. दुरुस्तीवाल्याकडे मल्टिमीटर असेल तर भर गेममध्ये १२ व्होल्टची लाइन ११.४ च्या खाली उतरते का, हे त्याने मोजावे. तथापि अतिसूक्ष्म काळाचे झटके मल्टिमीटरला दिसत नाहीत, म्हणून केवळ आकडा बरा आला एवढ्यावर एसएमपीएसला निर्दोष ठरवू नये.

यूपीएसकडे तर कोणाचेच लक्ष जात नाही. घरोघरी असलेला ६०० व्हीएचा यूपीएस साधारणपणे ३६० वॉटचाच असतो. त्यावर मॉनिटर, प्रोसेसर आणि मोठे कार्ड असा भार एकदम आला की तो ओव्हरलोड होऊन बंद पडतो आणि दोष पुन्हा कार्डाच्या माथी येतो. शंका असल्यास संगणक थेट भिंतीवरील, अर्थिंग असलेल्या प्लगवर लावून गेम चालवून पाहावा. कॅबिनेटला हात लावताच झिणझिण्या येत असतील, तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलावून घराचे अर्थिंग तपासून घ्यावे.

पालकांना माझी कळकळीची विनंती आहे की मुलांना एसएमपीएस उघडू देऊ नये. त्यातील कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्टचा दाब असतो आणि प्लग काढल्यानंतरही तो काही काळ टिकू शकतो. एका कंपनीच्या मॉड्युलर (सुट्या वायरी जोडण्याच्या) एसएमपीएसच्या वायरी दुसऱ्याला लावू नयेत. टोक बसले तरी एसएमपीएसकडील पिनांचा क्रम वेगळा असू शकतो आणि भाग जळतात. कार्डाला सॅटाच्या (हार्ड डिस्कसाठीच्या) जोडणीतून वीज देणारे स्वस्त ॲडाप्टर तर दुकानदारांनी विकूच नयेत. ती जोडणी १२ व्होल्टवर ५४ वॉटपुरतीच आहे, जास्त भाराने ती वितळते आणि आग लागण्याचा धोका असतो.

जिल्ह्यातील संगणक विक्रेत्यांना माझे सांगणे आहे की जोडणी करून दिलेल्या संगणकाच्या बिलावर 'कॅबिनेट एसएमपीएससह' असे मोघम न लिहिता एसएमपीएसची कंपनी, मॉडेल आणि १२ व्होल्टवरील ॲम्पिअर लिहावेत. ग्राहकांनीही बिलाचा आग्रह धरावा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे आणि १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. पुण्याच्या तपकीर गल्लीतून किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून वापरलेले कार्ड आणणाऱ्या मुलांनी ते घेण्याआधीच आपल्या एसएमपीएसच्या स्टिकरचा फोटो दुकानदाराला दाखवावा आणि हा एसएमपीएस पुरेल का, हे विचारून घ्यावे.

आपला,
एक संगणक दुरुस्ती व्यावसायिक,
विश्रामबाग, सांगली