तंबूतून, टॉर्चच्या उजेडात

माना पूल्स, झिम्बाब्वे
ऑक्टोबर, रात्रीचे साडेनऊ

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

इथे मोबाइलला रेंज नाही, म्हणून वहीचं पान फाडून लिहितेय. हरारेला गेल्यावर पोस्टात टाकीन. बहुतेक पत्राआधी मीच पुण्याला पोचेन.

आधी तक्रार. तू हौसेनं घेऊन दिलेलं गडद निळं जॅकेट आता बॅगेतच राहणार. इथल्या त्सेत्से माश्या निळ्या-काळ्या रंगावर धावून येतात. त्यांना पकडायचे सापळेसुद्धा त्याच रंगाच्या कापडाचे करतात म्हणे, आणि मी आपली तो सापळा अंगावर चढवून घाट उतरले! कपड्यावरूनच चावतात, दाभण टोचल्यासारख्या. शुभामावशी खाकी कुडत्यात मजेत होती.

या राष्ट्रीय उद्यानात ताजी फळं न्यायला बंदी आहे. संत्र्या-लिंबांच्या वासानं हत्ती गाड्या-तंबू उचकटतात. मावशीचं लिंबाचं लोणचं फळांत मोडतं का, यावर बराच खल झाला. शेवटी बरणी डब्यात, डबा पेटीत आणि पेटी गाडीत, अशी सोय लागली. तंबूत बिस्किटाचा चुरासुद्धा ठेवायचा नाही, कारण रात्री तरस येतात. कॅम्पला कुंपण नाही. समोर झांबेझी, पलीकडे झांबिया. इथल्या शोना भाषेत माना म्हणजे चार. नदीनं पात्र बदललं तेव्हा मागे राहिलेले हे चार डोह. 1980च्या दशकात खालच्या अंगाला मुपाटा घळीत धरण बांधायचं घाटत होतं, ते बारगळलं आणि 1984 साली हा भाग जागतिक वारसा झाला. कोयनेत गाव गेलेल्या तुझ्या आजोबांना हे सांगायला हवं होतं.

पण पत्र लिहायला बसले ते वेगळ्याच कारणानं. तू नऊ वर्षांचा असताना आपण ताडोबाला गेलो होतो. सकाळभर जिप्सी वाघामागे पळत होती, आणि तू मला विचारलंस, "आई, आपण उतरून चालू या का?" मी तुझ्यावर खेकसले होते. तिथे उतरायचं नसतंच, ते बरोबरच होतं. पण तू नंतर दिवसभर बोलला नाहीस.

आज मी चालले, निखिल. पायी फिरू देणारी जी थोडी अरण्यं आहेत, त्यातलं हे एक. आमच्या गाइडच्या खांद्यावर बंदूक होती, पण त्याचं लक्ष सगळं हातातल्या राखेच्या पुरचुंडीकडे. दर थोड्या वेळानं ती झटकायची, राख कुठे उडते ते पाहायचं आणि वारा आपल्याकडून जनावराकडे जात असेल तर वाट बदलायची.

इथे आना नावाची झाडं आहेत, बाभळीच्या कुळातली. त्यांचं सगळं उफराटं. पावसाळ्यात पानं गाळतात आणि उन्हाळ्यात, बाकी रान करपलेलं असताना, हिरवीगार. शेंगा वाळवलेल्या सफरचंदाच्या फोडींसारख्या पिळवटलेल्या. अशाच एका झाडाच्या अलीकडे गाइडनं खाली बसायची खूण केली. गुडघे कुरकुरले, पण बसले. एक मोठा नर हत्ती आला. आमच्याकडे एकदा पाहिलं, कान हलवले. खालच्या शेंगा संपलेल्या. मग त्यानं मागच्या पायांवर भार दिला, पुढचे दोन्ही उचलले आणि सरळ उभा राहिला! सोंड वर ताणून फांदी ओढली, मोडली, खाली आला. सर्कशीत हे पाहून टाळ्या वाजवल्या होत्या, त्याची इथे लाज वाटली. सगळ्या हत्तींना हे जमत नाही, मोजक्याच नरांना जमतं. मला त्याच्या पोटातली गुरगुर ऐकू येत होती. तो निघून गेला तरी कुणी उठेना. मावशीनं माझा हात धरला होता, तो सोडायचं तिच्याही लक्षात नव्हतं.

वाघाच्या मागे त्या दिवशी आपण किती किलोमीटर पळलो असू रे?

पुढच्या उन्हाळ्यात सुट्टी काढ. विचारत नाहीये, सांगतेय. आपण दोघंच येऊ. खाकी कपडे मी घेईन.

आता तंबूच्या अगदी कडेला पाणघोडा चरतोय. गवत तुटल्याचा कर्र कर्र आवाज येतोय, गोठ्याशेजारी झोपल्यासारखं वाटतंय. तो आणि नदी यांच्या मध्ये जायचं नाही, एवढं बजावून सांगितलंय, त्यामुळे बाथरूम सकाळपर्यंत विसरायचं. टॉर्च बंद करते.

तुझी,
आई